तिठ्यावरचा माणूस

आमच्या मोटारसायकल क्लबात नियम एकच आहे, आणि तो मोडला तर महिनाभर टोमणे ऐकावे लागतात. सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला माणूस असतो. रस्ता फुटला की त्याच्या पाठचा माणूस गाडी बाजूला घेऊन तिथे उभा राहतो आणि मागून येणाऱ्यांना हाताने दिशा दाखवतो. सगळ्यात मागची गाडी ठरलेली असते. ती येईपर्यंत उभ्या राहिलेल्याने हलायचं नाही. हा नियम माझ्या बाबांनी घातला, तेव्हा आमच्यापैकी कुणाकडे मोबाइल नव्हता. आता प्रत्येकाच्या हँडलवर नकाशा बोलत असतो, तरी नियम कुणी काढला नाही.

त्या रविवारी शेवटची गाडी माझी होती. आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर मला बाबांकडून त्यांच्या गाडीची चावी मागून घ्यायची होती.

हे भावाचं आणि माझं ठरलं होतं. बाबा बहात्तर वर्षांचे. दोन महिन्यांत दोनदा ते अंजूरहून भिवंडीच्या बाजारात गाडीवर गेले आणि रिक्षाने परत आले. गाडी कुठंय विचारलं तर अंगणात बघायला गेले. पहिल्यांदा आम्ही हसलो. दुसऱ्यांदा भाऊ हसला नाही. चावी मागायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाबा माझं ऐकतात असा घरात समज आहे. तो समज बाबांनीच पसरवलाय आणि त्यात काही तथ्य नाही.

गणपती नुकतेच गेले होते. आकाशाचा काही भरवसा नव्हता. निघताना कडक ऊन, कोपऱ्यावर सर, आणि रेनकोट चढवला की पुन्हा ऊन. शेतांत भात निसवायला, लोंब्या टाकायला लागलं होतं. गोदामांच्या पत्र्यांपलीकडे गेलं की हवेचा वासच बदलतो, आणि बाबा दरवेळी तिथे हेल्मेटची काच वर करतात. त्या दिवशीही केली. आम्ही दहा गाड्या होतो. पुढे शेठ, म्हणजे पॉवरलूमवाले आमचे जुने मित्र, आणि त्यांच्या पाठी बाबा. ती जागा बाबांनी हट्टाने मागून घेतली होती. पाऊस आला तेव्हा त्यांचा फोन भिजू नये म्हणून मी माझ्या सॅकमध्ये ठेवून घेतला. फार शहाणपणाचं काम केलं असं तेव्हा वाटलं होतं.

दिघाशी मागे पडल्यावर माझं मागचं चाक बसलं. पुढचे सगळे वळणाआड गेलेले. एका गुराख्याने सांगितलं की आतल्या रस्त्याने गेलं की पाड्यावर पंक्चर काढणारा आहे आणि तोच रस्ता पुढे डांबरी सडकेला मिळतो. मी गाडी ढकलत नेली. पंक्चरवाला जेवत होता, त्याचं जेवण होईपर्यंत एक सर येऊन गेली. ट्यूब बसली, मी आतल्या रस्त्याने थेट सडकेला लागले आणि गाणं गुणगुणत जेवणाच्या ठिकाणी पोचले. ते शेठच्या मेव्हण्याचं शेतघर होतं. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाचा वास फाटकापर्यंत आला होता.

शेठने माझ्या मागे पाहिलं आणि बाबा कुठे आहेत असं विचारलं.

मला वाटलं, ते इथेच असणार. शेठना वाटलं, ते माझ्याबरोबर असणार. फोन लावावा, तर त्यांचा फोन माझ्याच सॅकमध्ये होता. बाबा रस्ता विसरले, कुठेतरी भलतीकडे गेले, गाडी टाकून एखाद्या टेम्पोत बसले, असं सगळं एका दमात डोक्यात आलं. मी शेठवर भडकले. त्यांना दिघाशीच्या पुढच्या तिठ्यावर उभं करायची काय गरज होती, त्यांचं हल्ली कसं आहे ते माहीत नाही का, वाट्टेल ते बोलले. शेठने ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तू कुठल्या रस्त्याने आलीस?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आतला रस्ता तिठ्याच्या पुढे निघत होता. मी तिठ्यावरून गेलेच नव्हते. शेवटची गाडी बाबांसमोर आलीच नव्हती. दिवसभर गोदामात खोकी मोजते मी, एक इकडचं तिकडे झालं तर पोरांना धारेवर धरते, आणि माझा बाप मी रस्त्यावर विसरून आले होते.

मी गाडीकडे धावले. चावी दोनदा खाली पडली. शेठने माझ्या हातातून चावी काढून घेतली आणि म्हणाले, "मागे बस. तेरे बस का नहीं है अभी."

जाताना पुन्हा पाऊस आला, तिरपा, तोंडावर मारणारा. तिठ्याच्या अलीकडे तो थांबलाही. लांबूनच बाबा दिसले. मैलाच्या दगडाजवळ उभे, गाडी स्टँडवर, शर्ट अंगाला चिकटलेला, नजर मी जिथून यायला हवं होतं त्या बाजूला. आम्ही त्यांच्या पाठीमागून आलो. जवळपास दीड तास ते तसेच उभे होते. वीस पावलांवर एसटीचा थांबा होता, छप्पर शाबूत. तिथे काकड्या घेऊन बसलेल्या मावशी मला बघताच म्हणाल्या, "चारदा हाक मारली. येत न्हाय म्हनं. थितनं रस्ता दिसत न्हाय, पोरगी यायची हाय."

मला रडू आवरेना. मी ओढणीने त्यांचं डोकं पुसायला लागले आणि सगळं सांगितलं, पंक्चर, पाडा, आतला रस्ता. माझी चूक झाली, असं मी म्हणाले. बाबा नवलाने माझ्याकडे बघत राहिले.

"शेवटची गाडी आल्याबिगर हलायचं न्हाय," ते म्हणाले. "मंग मी कसा हलू?"

मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला, की चावीबिवी काही मागायची नाही असं मी मनात ठरवूनही टाकलं. भावाला सांगणार होते, विसरतो तो कोण ते आधी बघ. शेठ गाडी वळवत होते. बाबांनी मला जरा बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला.

"बाय, एक सांगू? तू आली असतीस तरी माझा उपेग नव्हता. उभा ऱ्हायचं ते ध्यानात व्हतं. पन हात कंच्या बाजूला करायचा, ते पार गेलं डोक्यातून. लई आठवलं. न्हायच आठवलं."

दोन्ही रस्ते ओले होते आणि सारखेच दिसत होते.

मग त्यांनी खिशातून चावी काढली. रुमालात गुंडाळून ठेवली होती. माझ्या तळहातावर ठेवली आणि मूठ त्यांनीच मिटली. महिनाभर आरशासमोर पाठ केलेलं माझं एकही वाक्य कामाला आलं नाही. ते स्वतःच्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसले. मी आजवर त्यांना कधी कुणाच्या मागे बसलेलं पाहिलं नव्हतं. लहानपणी मला टाकीवर बसवून ते जसे सावकाश निघायचे, तशी मी निघाले.

पुढे शेठ चालले होते. शेतघराकडे वळायच्या फाट्यावर ते थांबले आणि डावीकडे हात करून उभे राहिले. आमच्या एका गाडीसाठी त्याची काही गरज नव्हती. मी त्यांच्याजवळ गाडी हळू केली तेव्हा बाबांनी खांद्यावरचा हात घट्ट केला.

"थांब. शेवटची गाडी आली का?"

"आपणच शेवटची गाडी, बाबा."

त्यांनी एकदा मागे वळून सगळा रस्ता पाहिला. मग माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "मंग चल."