आबांचा मिलिटरी चार्जर

माझ्या माहेरी चार्जरवरून भांडण झालं असं सांगितलं, की सांगलीतले माझे शेजारी हसतात. हसू देत. त्यांचं कुणी बर्फात उभं नाही.

माहेर सातारा जिल्ह्यातलं. गावापासून बाजूला, उसाच्या रानात, आमची चार घरांची वस्ती. तिथं आई आणि आबा राहतात. आबा म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. धाकटा भाऊ आता फौजेत आहे. तो नक्की कुठं आहे ते आम्हाला कधीच कळत नाही, बर्फात कुठंतरी ‘वर’ आहे एवढंच कळतं. वर गेला की फोन बंद. वर जायच्या आदल्या दिवशी मात्र त्याला रांगेत उभं राहून फोन करता येतो, आणि तो फोन आईला करायचा हा आमच्या घरचा नेम.

त्या फोनवर काय बोलायचं तेही ठरलेलं. आई विचारते, “जेवलास का?” तो “व्हय” म्हणतो. मग इकडचं तिकडचं, आणि शेवटी तो म्हणतो, “येतो.” आई म्हणते, “ये.” हे झाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही हे तर सगळेच पाळतात, पण आईचं तेवढ्यावर भागत नाही. आबा नोकरीत असताना एकदा सुट्टी संपवून निघाले, गाडी चुकेल म्हणून पळतच सुटले आणि ‘येतो’ म्हणायचं राहिलं. त्या खेपेला ते पाय मोडून घेऊन परत आले. अजून लंगडतात. आबा म्हणतात, गाडी उलटली, त्याचा येतो-जातोशी काय संबंध? आईला संबंध माहीत आहे. मला विचाराल तर मी असलं काही मानत नाही, पण भावाच्या बाबतीत मानून टाकते. उगीच विषाची परीक्षा कशाला घ्या.

तर चार्जर. उन्हाळ्याच्या तोंडाला मी माहेरी गेले होते, तेव्हा तो पहिल्यांदा पाहिला. कुठल्याशा बाजारात गाडीवर विकायला आलेला. खोका हिरव्या-मातकट ठिपक्यांचा, जवानाच्या वर्दीसारखा. त्यावर रणगाड्याचं चित्र आणि मोठ्या अक्षरात ‘मिलिटरी ग्रेड’. खाली बाकीची बढाई: पासष्ट वॅट, पंधरा मिनिटांत फुल्ल, व्होल्टेज कितीही येऊ दे काही होत नाही, शंभर टक्के ओरिजिनल.

मी कुपवाडला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते. माल आला की खोक्यावर काय लिहिलंय आणि आत काय आहे ते ताडून बघायचं, हेच माझं दिवसभराचं काम. त्यामुळे मला खोड लागली आहे. कुठलाही खोका दिसला की मी आधी मागची बाजू बघते, कारण खोटं बोलायचं ते पुढच्या बाजूला मोठ्यानं बोलतात आणि खरं मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात लिहितात. चार्जर हातात घेतला तर रिकाम्या काडेपेटीएवढा हलका. बडा घर पोकळ वासा. पालथा केला. बारीक अक्षरात लिहिलं होतं, पाच व्होल्ट, एक अँपिअर. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. शाळेतलं गणित आहे, पाच एके पाच. पासष्ट कुठून आणले? कुणी बनवला त्याचं नाव नाही, पत्ता नाही. सरकारी शिक्का असतो त्या जागी नुसता एक गोल काढलेला आणि त्यात तीन चांदण्या.

“आबा, ह्यो फसवलाय तुमाला,” मी म्हणाले. माहेरी गेलं की माझी भाषा आपोआप माहेरची होते.

आबा पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, “मिलिटरी लिव्हलंय त्याच्यावर.”

“लिव्हायला काय जातंय?”

आता त्यांनी पेपर खाली ठेवला. “मिलिटरीचं नाव खोटं लिव्हायची कुणाची छाती हाय? आमच्या बुटाच्या नाडीवर सुदीक शिक्का असायचा. साहेब बघायचा, पास करायचा, मग ती नाडी आमच्या पायात. ग्रेड म्हंजी पास झाल्याला माल. तू सांगलीला जाऊन लय शानी झालीस.”

मी डोक्याला हात लावला. दुसऱ्या कुणाला असल्या खोक्यानं फसवलं असतं, तर ते स्वस्ताच्या नादानं किंवा पंधरा मिनिटांच्या घाईनं. आमच्या आबांना वर्दीच्या रंगानं फसवलं. आणि एकटे फसतील तर ते हवालदार कसले. बाजारात त्या गाडीशेजारी उभं राहून त्यांनी वस्तीवरच्या चारी घरांना तो घ्यायला लावला होता. “डोळं झाकून घ्या, आपल्या पोरांचा माल हाय.” वस्तीवर आबांचा शब्द खाली पडत नाही. सगळ्यांनी डोळे झाकले. जुने चार्जर भंगारवाल्याच्या पोत्यात गेले. मी बरीच बडबडले, आई म्हणाली, “जाऊ दे गं, निळा दिवा तर लागतोय,” आणि मी चिडून सांगलीला परत आले.

मग वळीव आला. साताऱ्याकडे वादळ झालं, झाडं पडली, वस्तीवरची लाईट गेली, असं मला बातम्यांवरून कळलं. घरी फोन लागेना. लाईट नाही तर फोन कुठला, म्हणून मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी कामावर असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. भाऊ होता.

“तायडे, आईचा फोन का लागंना?”

“वादळ झालंय. तू बरा हाईस न्हवं?”

“मी बरा हाय. उद्या सकाळी वर निघायचंय. आज सांजच्याला अजून एकदा नंबर लागंल माझा. आईशी बोलायचं ऱ्हायलंय. कायतरी कर.” मागून कुणीतरी त्याला घाई करत होतं. फोन बंद झाला.

वस्तीवरच्या दुसऱ्या घरी फोन लावला, बंद. तिसऱ्या, बंद. चौथ्या, बंद. गावातल्या दुकानदाराला लावला, तर तो म्हणाला, “लाईट सकाळीच आली की. बोर्डावर लय दाबानं आली, आमचा बल्बच उडाला. पर तुमच्या वस्तीच्या वाटंवर झाड पडलंय. बघतो, धाडतो कुणालातरी.” त्याचं ‘धाडतो’ मला लहानपणापासून माहीत आहे. आणि लाईट सकाळीच आली असेल तर चारी घरांचे फोन अजून बंद का, हे मला तिथल्या तिथं कळलं. चार घरं, चार मिलिटरी चार्जर.

साहेबांना सांगितलं, पर्स उचलली, टेबलावरचा माझा चार्जर पिशवीत कोंबला आणि निघाले. मिळाली ती खासगी बस पकडली. आता सगळा भार माझ्या फोनवर होता, कारण संध्याकाळी भाऊ माझ्याच नंबरवर फोन करणार होता. आणि माझा फोन सकाळपासून वापरून अर्ध्याखाली आलेला. बसच्या खिडकीशी चार्जिंगचं भोक होतं, वर ठळक अक्षरात ‘फास्ट चार्जिंग’ लिहिलेलं. वायर लावली. काही नाही. काढून परत लावली. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, “ते नुसतं हाय, ताई.” नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मला त्या क्षणी जगातल्या सगळ्या ठळक अक्षरांचा संताप आला.

मी फोन बंद करून ठेवीन म्हटलं, तर भावानं लवकर केला तर? चालू ठेवला तर बॅटरी उतरतेय. इंटरनेट बंद केलं, उजेड अगदी कमी केला, आणि तरी दर दोन मिनिटांनी बॅटरी किती राहिली ते बघायला तोच फोन उघडत होते. नवऱ्याचा फोन आला, “पोचलीस का?” मी त्याच्यावर खेकसले की परत फोन केलास तर बघ. बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. कराड येईपर्यंत माझी सीटवर बसून चुळबुळ चालली होती. शेजारची बाई शेवटी उठून मागं जाऊन बसली.

फाट्यावर उतरले, वडापच्या जीपमधून गावापर्यंत आले. पुढं झाडाची अडचण, म्हणून चालतच निघाले. ऊन कललं होतं. पडलेल्या बाभळीखालून वाकून पलीकडं गेले, साडी काट्यात अडकून फाटली, आणि तेवढ्यात फोन वाजला.

“आई हाय का जवळ?”

“धर. ठेवू नगंस. आलेच मी, ओढ्यापाशी हाय.”

“तायडे, मागं रांग हाय गं.”

“म्हणून काय झालं? धर म्हटलं न्हवं.”

आणि मी पळाले. ह्या वयात, त्या चिखलात, फोन कानाला लावून. मी काहीतरी बोलत होते, तो हसत होता, फोन मधूनच टुकटुक करून बॅटरी संपत आल्याचं सांगत होता. अंगणात आबा उभे. त्यांनी माझा अवतार बघितला आणि काही न विचारता फोन हातातून घेतला.

“आवं आबा, आईला द्या,” मी धापा टाकत म्हणत होते. पण त्यांना पोराला उत्तर द्यायचं होतं. पोरगा तिकडून विचारत असणार, फोन का बंद. आबा म्हणाले, “आरं, चार्जर मिलिटरीचा हाय. तुमचाच. तरी कसा काय बंद पडला, मलाबी कळंना.” मग ते ऐकत राहिले. तिकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. आबांचा चेहरा तेवढा उतरत गेला. “असं व्हय,” म्हणाले, आणि लंगडत आत गेले.

आई आत भिंतीशी बसली होती. सकाळपासून तिथंच होती. बोर्डात तो चार्जर, त्याचा निळा दिवा छान पेटलेला, आणि वायरीच्या टोकाला काळाठिक्कर फोन. चार्जरच्या आतलं सगळं जळून गेलं होतं, दिवा तेवढा शाबूत होता. दिवा लागलाय म्हणजे चार्जिंग होतंय, आत्ता होईल, मग होईल, म्हणून ती रानात गेली नव्हती की धड जेवली नव्हती. आबांनी फोन तिच्या कानाला लावला.

“जेवलास का?” आई म्हणाली.

मी पिशवी उलटी करून माझा चार्जर काढला. बोर्डात ते निळं ध्यान घट्ट बसलेलं, निघता निघेना. ओढून काढलं, माझा लावला, वायर घेऊन आईकडं वळले. आई म्हणत होती, “थंडी लय आसंल. कान झाकत जा.” मी वायर फोनच्या खाली धरली आणि पाहिलं तर पडदा काळा झाला होता.

“ये,” आई त्या काळ्या फोनमध्ये म्हणाली. “ये, बाळा.”

फोन परत चालू झाला तेव्हा मी त्या नंबरवर लावून पाहिला, लागला नाही. आईनं डोळे पुसले आणि चुलीकडं गेली. आबांनी तिला हळूच विचारलं, “येतो म्हणाला का?” तिनं मागं न बघता सांगितलं, “म्हणाला. ऐकलं मी.” मला माहीत होतं, तो म्हणाला नव्हता. आबांनाही माहीत होतं. राग कुणावर काढायचा तेच मला कळेना.

सकाळी आबा वस्तीवर घरोघर गेले आणि आपण घ्यायला लावलेले चारही चार्जर गोळा करून आणले. प्रत्येक दारात उभं राहून म्हणाले, “चूक माझी झाली.” मी पुढच्या खेपेला सांगलीहून साधे चार्जर नेले. आबांनी चष्मा लावून आधी पाठीमागची बारीक अक्षरं वाचली, गुणाकार केला, मग बोर्डात लावला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. कामावर अनोळखी नंबर आला की मी हातातलं खोकं टाकून आधी फोन उचलायची. वस्तीवर आई ज्याला त्याला सांगायची, पोरगं येतो म्हणून गेलंय. आबा त्यावर उठून बाहेर जायचे.

नागपंचमीला मी माहेरी होते. आई दिंडं करत होती, दोन्ही हात पुरणानं भरलेले. तिचा फोन वाजला. मी स्पीकर लावून तिच्या तोंडापुढं धरला. आबा दारात येऊन थांबले.

“आई, येतो,” भाऊ म्हणाला. पहिला शब्द तोच.

आईनं हातातलं दिंड ताटात ठेवलं.

“त्या दिशी म्हणायचं ऱ्हायलं हुतं,” तो म्हणाला. “फोनच गेला. वर सारखं तेच डोक्यात यायचं.”

आईनं एकदा आबांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

“न्हाई रं,” ती म्हणाली. “मला ऐकू आलं हुतं. जेवलास का?”