इनासबाबचा बसलेला आवाज

इनास आल्मेडा स्वतःला देवाचा बिनपगारी वकील म्हणवून घ्यायचा. तीस वर्षं बोटीवर कुक म्हणून काढून तो मालवणजवळच्या आपल्या वाडीत परतला, तेव्हापासून कुणाकडे मयत असो की ऑपरेशन, इनासबाब हजर. मे महिन्यात वाडीतल्या क्रुसापुढे लादीन व्हायची, तिन्हीसांजेची गाऊन केलेली प्रार्थना, तीही त्याच्याच आवाजात. दुःखी माणसाच्या पाठीवर हात ठेवून तो सांगायचा, "देव परीक्षा घेता, ती आपल्या माणसांचीच." आणि घरी जाऊन पोटभर जेवायचा.

मग एका एप्रिलमध्ये त्याच्या मुलाची, मिंगेलची बोट दूरच्या समुद्रात बंदूकवाल्यांनी पकडली. बावीस माणसं ओलीस. त्यात शेजारच्या शमीमचा मुलगा शाहीदही होता. त्याला त्या बोटीवर लावण्यासाठी शब्द टाकला होता इनासनेच.

दुसऱ्याच दिवशी नारळवाला गुरुदास आला. पाठीवर हात ठेवून म्हणाला, "इनासबाब, देव परीक्षा घेता, ती आपल्या माणसांचीच."

याच्या टाळक्यात एक नारळ घालावा, असं इनासला वाटलं. मग लक्षात आलं, वाक्य आपलंच. इतकी वर्षं आपण हे घरोघर वाटत फिरलो आणि एकानेही काठी उचलली नाही. वाडी भलतीच सोशिक म्हणायची.

त्याने देवाशी सौदा केला. मिंगेल सुखरूप येऊ दे, जन्मभर काजूच्या दारूला, हुर्राकाला शिवणार नाही. हा निश्चय आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी दोन ग्लास पोटात गेले आणि त्यानंतर अशी धडकी भरली की तो धावतच पाद्रीकडे पोचला.

पाद्रीने सगळं ऐकून घेतलं. "इनास, तुझ्या दोन ग्लासांसाठी देव बावीस माणसांक अडकवन ठेवीत? इतको मोठो माणूस तू कधी झालंस?"

इनासला हायसं वाटलं आणि थोडा अपमानही वाटला.

पण त्यानंतर खरा काळोख पसरला. प्रार्थनेला बसला की आत काहीच हलायचं नाही. ओट्यावर रिकामी घागर पालथी घालावी, तसं. मे उजाडला. लादिनीचं बोलावणं आलं, तेव्हा तो बायकोला म्हणाला, "रुझालिन, सांग त्यांका, माझो आवाज बसलो हा."

रुझालिन मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "आवाज बसलो, की विश्वास उठलो?"

चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने त्याचं एकही सोंग अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालू दिलं नव्हतं.

त्याच दुपारी शमीम दारात येऊन उभी राहिली. इनासने नजर चुकवली. बोट पकडल्यापासून तो तिच्या दारावरून जायचं टाळत होता. दुकानात जायलाही खाडीकडून वळसा घ्यायचा.

"इनासबाब, आज लादिनीत माझ्या शाहीदाचा नाव घेशात?"

इनास म्हणाला, "शमीम, तुका खोटा कित्याक सांगू? माका आतसून कायच ऐकू येणा नाय. मी नुसता तोंड हलयतलंय."

"हलवा," ती म्हणाली. "मीय नमाजाक तशीच बसतंय सध्या."

तो गेला. सुरुवातच इतकी वर लावली की दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला. तिसऱ्या ओळीला पाठ असलेले शब्दच पळाले. वाडीचा नामांकित गवई क्रुसापुढे तोंड उघडं टाकून उभा. तेवढ्यात मागून रुझालिनने ओळ उचलली, मग दुसऱ्या बायकांनी, मग गुरुदासनेही, ज्याला शब्द येत नव्हते पण सूर बरा होता. त्या आवाजांवर रेलून इनास पुढे सरकला. दोन्ही मुलांची नावं घेतली. कुंपणापलीकडे शमीम डोक्यावरून पदर घेऊन उभी होती.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. पुढचे दोन महिने बोटीच्या कंपनीकडून फोन आला नाही. इनास रोज चिरक्या आवाजात प्रार्थना म्हणत राहिला. विश्वास होता की नव्हता, त्यालाच सांगता आलं नसतं. पण न म्हणता राहणंही जमेना. "हट्टी गाढव आसंय मी," तो देवाला म्हणायचा, "तुका सवय आसा."

जुलैच्या शेवटी बोट सुटली. मुलं घरी आली. मिंगेल लंगडत आला, पण हसत आला. शाहीद मात्र मुका होऊन आला. खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचा.

इनास रोज सकाळी पेज आणि सुंगटाची, म्हणजे कोळंबीची कढी घेऊन त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसू लागला. धीर देणारं एकही वाक्य बोलत नसे. वाडीतल्या फालतू गोष्टी सांगायचा, त्यात बहुतेक वेळा गाढव स्वतःच असायचा. शाहीद चार घास खायचा, ताट सरकवायचा. असे तीन आठवडे गेले.

एका सकाळी शाहीदने कढीचा घोट घेतला आणि थांबला.

"अंकल, मीठ जास्त पडला."

आत शमीमच्या हातातलं भांडं पडलं. इनास उडालाच. "जास्त? अरे, तीस वर्सा कप्तानान माझ्या हातचा खाल्ल्यान, एकदाय तक्रार नाय!"

"मगे त्याका सांगूक भय वाटला असतला," शाहीद म्हणाला.

इनासने ताट ओढून स्वतः चव घेतली. मीठ खरंच जास्त होतं. त्याने ते मुळीच कबूल केलं नाही. पोरगं पुढे काय बोलतं, हे त्याला ऐकायचं होतं.