घड्याळबाईची दहा मिनिटं

दातांच्या दवाखान्यात तिला सगळे घड्याळबाई म्हणत. डॉक्टरांच्या हाताखाली एकवीस वर्षं काढली, पण मुळांची धुलाई तिनं एकदाही मिनिटभर आधी थांबू दिली नाही. मुळांमधल्या नळ्या मोकळ्या केल्या की जंतुनाशक पाणी सोडायचं, ओढून घ्यायचं, पुन्हा सोडायचं, वीस मिनिटं. डॉक्टर चुळबुळ करत, पेशंट डोळे फिरवत. ही आपली ढिम्म. आत घाण राहिली तर वरच्या लिंपणाला काय चाटायचंय, असं ती डॉक्टरांनाही सुनवायची. तोंडाची फटकळ, पण काम चोख.

तिच्या थोरल्या बहिणीची उजवीकडची एकच दाढ उरली होती आणि खोटे दात तिच्याच आधारावर बसवलेले. आधीच्या उपचारात कुणीतरी मुळाला भोक पाडून ठेवलेलं. दोन डॉक्टरांनी दाढ काढून टाका म्हणून सांगितलं. हिनं हट्टानं आपल्याकडे आणलं. मी आहे ना, तू काळजी सोड, असं छातीठोक सांगितलं.

नंबर न लावता ताईला मध्येच घेतलं आणि तिथंच माशी शिंकली. बाहेर बाकावर पाच जण खोळंबलेले. घरच्या माणसाचे लाड चाललेत असं कुणी म्हणेल, या विचारानं घड्याळबाईचे कान तापले. डॉक्टरांनी घाई केलीच नव्हती. दहाव्या मिनिटाला तिनंच घड्याळ बंद केलं आणि सिमेंट कालवायला घेतलं. वेळेच्या बाबतीत तिच्यावर डोळे झाकून विश्वास टाकायची डॉक्टरांना सवय. त्यांनी भोक बुजवलं, मूळ भरलं.

चार महिन्यांत गाल सुजला. सिमेंटच्या आड राहिलेले जंतू हाड पोखरत होते. दाढ काढावी लागली, खोटे दातही गेले. काही मुळं हट्टीच असतात, असं डॉक्टर म्हणाले. ताई उलट बहिणीचीच समजूत घालत राहिली, की तू तरी काय करणार, माझंच नशीब फुटकं. घड्याळबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

दाढ काढली त्या संध्याकाळी ताईला आपल्या घरी सूप देताना तिला राहवलं नाही. "ताई, दहाच मिनिटं धुतलं गं. लोक काय म्हणतील म्हणून मीच आवरतं घेतलं."

ताईनं चमचा वाटीत ठेवला. मग विचारलं, "माझ्या जागी परकी बाई असती तर?"

"पूर्ण वीस दिली असती."

ताईनं वाटी बाजूला सारली. मला न्यायला सुनेला फोन कर म्हणाली, सोडायला तू नको येऊस.