फेट्याच्या उंचीचा खेळाडू

निपाणीत ज्यांच्या तंबाखूच्या वखारीत मी पोती रचायचो, त्या आमच्या आप्पांनी एकदा बेळगावच्या छावणीत सोल्जरांचा बास्केटबॉल पाहिला आणि ते पगारी संघ काढायचं ठरवूनच परतले. वखारीच्या भिंतीवर बूड काढलेली बुट्टी ठोकली. दाराच्या चौकटीवर चुन्याची रेघ मारली. ज्याचं डोकं रेघेला लागेल तो संघात. त्यानं पोती उचलायची नाहीत, नुसतं खेळायचं!

हे ऐकून माझी पाठ माझ्याआधी नाचली. पण रेघ माझ्या डोक्याच्या चांगली चार बोटं वर. नशीब, मालकापुढं बोडक्या डोक्यानं उभं राहायची रीत नव्हती. मापं फेट्यासकट व्हायची. मी माझ्या फेट्यावर थोरल्या भावाचाही फेटा गुंडाळला आणि मान ताठ करून चौकटीत शिरलो.

"लई जड दिसतंय रं डोस्कं," आप्पा म्हणाले.

"विचार लई असत्यात, आप्पा."

झालो पाचवा! बाकीचे चौघे आप्पांच्या नात्यातले, चिकोडीकडचे जैन शेतकरी, ताडासारखे. पहिलाच सामना छावणीतल्या सोल्जरांशी. उन्हं उतरल्याशिवाय ते खेळेनात. तरी निम्म्या खेळापर्यंत आम्ही पुढं होतो. मग सूर्य झाडांना टेकला आणि आमच्या चौघांनी चेंडू खाली ठेवला.

"कुठं निघालासा रं?" मी ओरडलो.

"जेवायला. दिवस बुडाल्यावर आम्हांस्नी चालत न्हाय, ठावं हाय न्हवं?"

मी आप्पांकडं पाहिलं. खुर्ची रिकामी! तेही चिंचेखाली डबा उघडून बसलेले.

शिट्टी वाजली. तिकडं पाच, इकडं मी. चेंडू पोटाशी धरून मी मैदानभर पळालो. नियम कुणाला आठवतात! एका सोल्जरनं हिसका दिला, एक फेटा सुटला, पाठोपाठ दुसरा. त्या कापडात तिघे गुरफटून आडवे झाले.

आप्पा हात पुसत आले. आधी जमिनीवरचं कापड बघितलं, मग माझं बोडकं डोकं. माझ्या पाठीला पोती आठवली.

"तू येवढाच हायस व्हय?"

"व्हय, आप्पा."

"आनि जेवतोस कवा?"

"दिवे लागल्यावर."

आप्पांनी चिंचेकडं नजर टाकली. चौघे निवांत ताक पीत होते.

"मग ऱ्हा," ते म्हणाले. "आनि उशिरा जेवणारी अजून चार जणं हुडक."

दुसऱ्या दिवशी वखारीत गेलो, तर चुन्याची रेघ माझ्या भुवयांपाशी उतरली होती.