सायकलीला आवतण

चेन जोडायची तर पिन पूर्ण बाहेर काढायची नाही. हे मला बाबांनी शिकवलं, आणि ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हातात मी माझी सायकल देत नाही, मग तो दुकान टाकून का बसलेला असेना. पिन ठोकत ठोकत बाहेरच्या पट्टीच्या भोकात लोंबती ठेवायची, कडी सोडवायची आणि जोडताना तीच पिन परत आत घ्यायची. एकदा ती निसटली की भोक सैल होतं, आणि मग परत ठोकलेली पिन नुसती नावाला बसते. जोडून झालं की दोन्ही बाजूंनी नख फिरवून बघायचं, पिनचं डोकं इकडे तिकडे सारखंच लागलं पाहिजे. आणि शेवटी ती कडी अंगठ्यांत धरून आडवी हलवायची, मोकळी होईपर्यंत. लोक चुकतात ते इथेच. पक्का जोड म्हणजे घट्ट जोड असं त्यांना वाटतं. अहो, घट्ट कडी मागच्या लहान चक्रावर वळतच नाही, आणि वळत नाही म्हणून तुटते.

मी माजरीची. बाबा कोळशाच्या खाणीत फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी क्वार्टरच्या अंगणात अर्ध्या लाइनीच्या सायकली उलट्या टाकून बसायचे. "माह्या हातचा जोड तुटत नाई," असं ते सांगत सुटायचे. आई म्हणायची, जोड तुटत नाही पण ऐकणाऱ्याचे कान तुटतात. लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा भांडीकुंडी बेताचीच आणली, हा ताठा मात्र भरपूर आणला.

सासर आष्टी-आलापल्लीच्या रस्त्यावरून आत, जंगलात. नवरा राजुऱ्याकडे खाणीवर डंपर चालवतो, सुट्टी मिळाली की येतो. घरात मी आणि सासू, दोघीच. त्यांना मी आत्याबाई म्हणते. मी गावची आशा झाले. गाव आणि जंगलातले टोले, म्हणजे पाच-दहा घरांच्या वस्त्या, मिळून माझा भाग. कोणती बाई गरोदर आहे, कोणत्या लेकराला ताप आहे, कोणाची लस चुकली, हे बघत सायकलवर फिरायचं. काम मला मनापासून आवडायचं. घर आवडत नव्हतं. आत्याबाई वाईट नव्हत्या, पण बोलायच्याच नाहीत. कोंबड्यांशी बोलायच्या, शेजारच्या म्हशीशी बोलायच्या, माझ्यापुढे ताट ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. भांडण झालं असतं तरी चाललं असतं, भांडता मला येतं. न बोलणाऱ्या माणसाशी कसं वागावं हे काही बाबांनी शिकवलं नव्हतं.

नवरा म्हणत होता, दिवाळीनंतर राजुऱ्याला ये, खोली बघून ठेवली आहे, दवाखान्यात तुला काम मिळेल. आत्याबाई यायला तयार नव्हत्या. "मी घर सोडत नाई," एवढंच. म्हणजे मी गेले तर त्या एकट्या. त्यांनी मला एकदाही जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. फोनला रेंज फक्त अंगणाच्या एका कोपऱ्यात, तीही ओरडून बोलल्याशिवाय धड ऐकू जात नाही, त्यामुळे सगळं त्यांच्या कानावर होतंच. मी मनात जायचं ठरवत आणलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच, पोळा झाल्यापासून, चेन तुटायला लागली.

पहिल्यांदा तुटली नाल्याच्या चढावर. मी जोडली. आठवडा जातो न जातो तोच परत तुटली, दुसऱ्या जागी. मी जोडली. मग तर ती जिथे मन येईल तिथे तुटायला लागली. कव्हर उघडलं की आत लाल मातीचा चिकट थर. पावसाळ्याचे दिवस, चिखल आपला रोजचाच, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही. दुकानातून चेन खराब मिळाली असं म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या. सायकल ढकलत यायला लागले की पारावरची माणसं विचारायची, "काहो आशाताई, तुमी सायकल चालवता का सायकल तुमाले चालवते?" मी खाणीवरच्या फिटरची पोरगी. अंगाची लाही व्हायची.

धानाची कापणी लागली होती, सकाळी अंग काकडायचं. लसीकरणाचा दिवस होता. नर्सबाई गाडीने टोल्यावर येणार, आणि आयांना, लेकरांना गोळा करून बसवणं माझं काम. अर्ध्या वाटेत चेन तुटली. हातोडी होती, पण थंडीने बोटं आखडलेली, आणि पिन ठोकायला गेले तर ती हलेचना. सायकल ढकलत पोचले तोवर आया वाट बघून धानात निघून गेल्या होत्या. बांधाबांधाने फिरून एकेकीला हाका मारल्या, लेकरं उचलून आणली. मला माझीच लाज वाटली.

घरी येऊन अंगणाच्या कोपऱ्यात उभी राहिले आणि नवऱ्याला फोन लावला. "बस झालं. दिवाळी झाली की मी येते. इथली सायकलसुद्धा मला ठेवून घ्यायला तयार नाही." आत्याबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला.

त्यानंतर बाबांना फोन केला. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती अशी, "जोडाची कडी तुटते का दुसरी?"

"दुसरी."

"मंग तुह्या जोडाचा दोष नाई. कडी आखडते कुठीतरी. चेन पुरी काढ, डिझेलात टाक, आन एकेक कडी वाकवून पाह्य." मग एकदम, "रडून राह्यली का?"

"नाही," मी म्हटलं. रडतच होते.

दुसऱ्या दिवशी उन्हात बसून चेन काढली. नवऱ्याची डिझेलची बाटली घरात होती, ती घमेल्यात ओतली. चेन हातात उभी धरली तर ती सरळ लोंबेना, जागोजागी वाकडीच राहिली. वरची माती खरवडली तर खाली पिवळं, थिजलेलं काहीतरी, प्रत्येक कडीत दाबून बसलेलं. नाकाशी नेलं. टोळीचं तेल, आणि हळद.

टोळ म्हणजे मोहाच्या फळातली बी. तिचं तेल आमच्याकडे भाजीला, अंगाला, दिव्याला, सगळ्याला. घरभर त्याचाच वास, म्हणून इतके दिवस चेनीचा वास वेगळा जाणवला नव्हता. थंडी पडली की हे तेल बाटलीत तुपासारखं गोठतं. चेनीला हे लावलं म्हणजे झालंच, वाटेवरची सगळी धूळ त्यात येऊन बसणार आणि थंडीत कड्या धरून ठेवणार.

मी चेन हातात घेऊन तशीच कोंबड्यांच्या खुराड्याकडे गेले. "आत्याबाई, हे कोणी लावलं?"

"मी लावलं."

"काऊन?"

त्यांनी कोंबड्यांकडे बघतच सांगितलं, "पोळ्याले खांद नाई शेकत का."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. जू वाहून सोललेल्या खांद्यांवर कोमट तेल-हळद पळसाच्या पानाने चोळायची आणि त्यांना जेवणाचं आवतण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्या घरात आजेसासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हा देव्हारा उचलला, पण पोळा ठेवला. म्हणाले म्हणे, बैल देव थोडाच आहे, घरचा माणूस आहे. मी आले त्याच्या आदल्या वर्षी एक बैल चरायला गेलेला वाघाने नेला. दुसरा एकटा काय कामाचा, तो विकला. शेत बटाईने दिलं. गोठा रिकामा, आणि पोळा तर आला.

"बैल नाई राह्यले," आत्याबाई म्हणाल्या. इतकं सलग त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. "आता या घरचं वढते कोन? हे सायकलच ना. मंग तिचे खांद कुठी असन? जिथी वढ बसते तिथी. तू पाण्याले बोरिंगवर गेली का मी कव्हरात बोटं घालून लावत होतो."

"आवतणही दिलं?"

"देलं. मंग. उपाशी ठेवू का तिले?"

दुसरं कोणी सांगितलं असतं तर मी पोट धरून हसले असते. "आणि ती तुटायला लागली तरी लावत राहिल्या?"

"तुटाले लागली म्हून जास्त लावलं. जखम झाल्यावर हळद जास्त लागते." मग हळूच, "काल तू फोनवर बोलली. आज पहाटी पुन्हा लावलं."

रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा. चेन तुटते म्हणून मी वैतागणार, मी वैतागते म्हणून त्या लावणार, त्या लावतात म्हणून चेन तुटणार. हे मला कळलं, तरी राग उतरेना. राग त्या तेलाचा नव्हताच. इतके दिवस एक शब्द बोलायचा नाही आणि माझ्या पाठीमागे सायकलीशी बोलायचं, ह्याचा होता. मी ओरडले, "म्हणजे मी काय तुमचा बैल आहे? ओढणाऱ्याचे खांदे चोळायचे, म्हणजे तो गुमान ओढत राहतो!"

त्यांनी कोंबड्यांपुढे दाणे टाकले. मी अंगणात येऊन बसले. थोड्या वेळाने त्या आल्या, पदर खोचला, डिझेलच्या घमेल्यापाशी बसल्या आणि चेनीचं दुसरं टोक हातात घेतलं. मी हटकलं नाही. मी इकडून कड्या वाकवत होते, त्या तिकडून. आखडलेली कडी कशी ओळखायची ते मला दाखवावंच लागलं, आणि एकदा दाखवल्यावर त्या "हे पाह्य, हेबी," करत पुढे सरकायला लागल्या. एक कडी चिरली होती, ती काढून टाकली. दोन्ही टोकं जोडणाऱ्या कडीवर लॉकची पट्टी बसवताना मी सांगितलं, तिचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला, उघडं मागे, नाहीतर काडी अडकली की निघून जाते. मग सायकलीचं तेल घेतलं, कडीकडीवर थेंब टाकला आणि वरचं सगळं फडक्याने पुसून काढलं.

"पुसून राह्यली त लावलं कायले?"

"आत राहिलं पाहिजे, बाहेर नको."

"एवढंसं? बैलाले एवढंसं लावलं असतं त लोकं मले कंजूष म्हनले असते."

मला हसू आलं, ते मी चेनीवर वाकून लपवलं. त्यानंतर चेन तुटली नाही. पण त्याने माझं जाणं काही रद्द होत नव्हतं. नवऱ्याने खोली पक्की केली होती, मी पेटी भरायला घेतली होती. आत्याबाई पुन्हा पहिल्यासारख्या. ताट ठेवायचं, बाजूला व्हायचं. मी पेटीत लुगडी घालताना दारातून एकदा बघून गेल्या तेवढंच.

दिवाळी झाली. नवरा त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने येणार होता आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघणार होतो. टोल्यावरच्या बायांचा निरोप घेऊन मी दुपारी घरी आले. सगळ्यांनी काही ना काही हातात दिलं होतं, कोणी चारोळी, कोणी डिंक. उंबऱ्यावर टेकले. पाय नुसते ठणकत होते.

आत्याबाई चुलीपाशी होत्या. वाटी घेऊन आल्या आणि खाली, माझ्या पायाशी बसल्या. वाटीत कोमट तेल, हळद घातलेलं.

"पाय इकडे कर."

"कायले?"

"सायकलीले नोको म्हनलं तुनं. पायाले त चालते."

मी पाय ओढून घेणार होते. सासूने सुनेच्या पायाला हात लावायचा, ही कुठली रीत. पण त्यांनी घोटा पकडला होता. पोटरीपासून गुडघ्यापर्यंत त्या चोळत गेल्या, गुडघ्याच्या वाटीभोवती अंगठा फिरवत राहिल्या. लग्न झाल्यापासून त्या घरात माझ्या दुखण्याला कोणाचा हात लागला नव्हता. मी उगाच रडणारी बाई नाही, पण डोळे भरून आले आणि मला ते पुसायचं सुचलं नाही.

"त्या दिवसी तू बैल म्हनली," त्या खाली बघून म्हणाल्या. "मले तवा बोलाले आलं नाई. मले नाई जमत बोलनं."

त्यांनी वाटीतलं तेल परत बोटांवर घेतलं आणि चोळत राहिल्या.

"बैलाले कोनी इचारत नाई. खांद शेकते आन जुंपते." अंगठा माझ्या गुडघ्यावर थांबला. "तुले इचारतो. राहतं का माह्याजवळ?"

आत पेटी कडी लावून तयार होती. नवरा आला की त्याच्यासमोरच ती परत उघडायची, असं मी ठरवलं. मी दुसरा पाय पुढे केला.