पाठीला हलका

गल्लीत त्याला सगळे ‘हनुवटी’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यालाही ते ठाऊक होतंच. घराच्या खालच्या खोलीत पासपोर्ट फोटोचा स्टुडिओ, आणि उभ्या जन्मात समोरच्याला सांगितलेलं वाक्य एकच: “हनुवटी जरा वर.” शाळेतली पोरं, नवरदेव, पेन्शनवाले, बँकेचा मॅनेजर, सगळ्यांच्या हनुवट्या या माणसाने वर केल्या. बोलायची धमक तेवढीच. घरात मनातलं ओठावर आणायचं म्हटलं, की स्वारीची बोबडी वळायची.

लेक एकुलती एक. तीही फोटोच काढते, पण बसल्या जागी नाही. एका प्रवासी कंपनीसाठी डोंगर, बेटं, वाळवंटं पालथी घालते. एकदा गेली की महिनोन्‌महिने पत्ता नाही. “आता जरा थांब की गं,” हे बापाच्या जिभेवर कितीदा आलं आणि कितीदा गिळलं गेलं. पोरीच्या पायात दोरी घालणारा बाप आपल्याला व्हायचं नाही, असं तो स्वतःला बजावायचा, आणि मग जेवताना तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायचा.

तर या लेकीचा जुना लॅपटॉप गचकला. “बाबा, तुम्हीच चला दुकानात. रंगांचं तुम्हाला कळतं,” ती म्हणाली. झालं! हनुवटीची कॉलर ताठ. इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात पेनड्राइव्ह टाकून निघाला.

दुकानात प्रत्येक लॅपटॉपवर त्याने एकच फोटो उघडला, बायकोचा. आणि प्रत्येक ठिकाणी तिच्या कानाची पाळी निरखली. “इथे कान टोमॅटो झालाय. पुढचा दाखवा.” “इथे हिला कावीळ झालीय. पुढचा.” विकणारा घामाघूम, लेक हसून बेजार. शेवटी दोन उरले. दोन्हींत कान अगदी घरच्यासारखा. एक जाडसर, पण पोटात भरपूर जागा. “मॅडम, वर्षभर फोटो काढलेत तरी हा भरायचा नाही,” विकणारा म्हणाला. दुसरा पातळ, हलका, पण त्यात जागा फारच कमी.

वर्षभर भरायचा नाही! हनुवटीने मनात हिशेब मांडला. लेकीची रीत त्याला माहीत होती. वेगळी हार्ड डिस्क ती जवळ बाळगत नसे. एकदा होडीतून एक पाण्यात पडली, तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता. फिरते तिथे इंटरनेटची बोंब. त्यामुळे लॅपटॉप भरला की घरी यायचं, स्टुडिओतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर सगळं उतरवायचं आणि पुन्हा निघायचं. म्हणजे जागा जितकी कमी, तितकी लेक लवकर घरी. तोंडाने जे आजवर जमलं नाही, ते हे पातळ डबडं परस्पर करणार होतं.

“हा हलका घे,” त्याने घसा खाकरला. “पाठीचा विचार कर. डोंगर चढतेस तू.”

“पण जागा पुरेल का, बाबा?”

“भरला की ये, रिकामा करून जा. त्यात काय एवढं?”

“बाबा म्हणतात म्हणजे झालं,” ती विकणाऱ्याला म्हणाली. एवढा विश्वास! तिथेच खरं बोलून टाकायला हवं होतं. पण नाही बोलला लेकाचा.

घरी बायकोने विचारलंच, “अहो, त्या दुसऱ्यात काय खोट होती?”

“जड होता. पाठीला जाणवतं.”

“पाठीला म्हणे,” ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

डाव मात्र साधला. उन्हाळा सरायच्या आत लेक दारात हजर. “भरला, बाबा!” काय तो आनंद! फोटो उतरू लागले. स्क्रीनवरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि हनुवटी मनातल्या मनात तिला विनवत होता, अजून हळू, बाई, अजून हळू. जास्त वेगाची केबल ड्रॉवरमध्ये पडून होती. ती त्याने काढलीच नाही.

वेळ होता म्हणून लेकीने कॅमेरा आईबापांकडे वळवला. आई भाजी निवडताना, बाबा गिऱ्हाइकाची मान सरळ करताना, दोघं एका चष्म्यावरून भांडताना. “बाबा, हनुवटी जरा वर,” ती म्हणाली, तेव्हा हा माणूस पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर खळखळून हसला. गावाचे फोटो काढणाऱ्याचा स्वतःचा धड एक फोटो घरात नव्हता.

“हे आत्ता उतरवत नाही,” ती म्हणाली. “निवांत निवडते. पुढच्या खेपेला छापून भिंतीवर लावू.”

पुढची खेप! हनुवटी मनात मांडे खात राहिला. ती गेल्यावर त्याने भिंतीवर खिळेसुद्धा ठोकून ठेवले.

थंडी पडली तरी लेक आली नाही. मग एका दुपारी फोन आला.

“बाबा, काम वाढलंय. पुढच्या बेटांवर नेतायत. लॅपटॉप गच्च भरला होता, पण घरी आले असते तर बोट चुकली असती, काम दुसऱ्याकडे गेलं असतं.”

“मग?”

“मग काय, बसले आणि डिलीट केले. कामाचे काढता येत नाहीत. घरचे तेवढे काढून टाकले.”

“घरचे म्हणजे...”

“मागच्या वेळचे. तुमचे आणि आईचे. जिवावर आलं, बाबा. रडले मी. पण म्हटलं, घरचे काय, पुन्हा काढता येतील. तुम्ही कुठे जाताय?”

हनुवटीला वाटलं, सांगावं, पोरी, त्या दुसऱ्यात सगळं मावलं असतं. सांगावं, मी मुद्दाम केलं. निदान एवढं तरी, की ये गं आता.

“रागावलात?”

“छे, छे.” काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने विचारलं, “पाठ कशी आहे तुझी?”

“एकदम मस्त! इथे सगळ्यांच्या पाठी धरल्यात, माझी नाही. बरं झालं, बाबा, तुम्ही हलका निवडून दिलात.”

फोन ठेवला तेव्हा बायको हात पुसत दारात उभी होती. “काय म्हणाली? येतेय ना? फोटो आणतेय?”

त्याने भिंतीवरच्या खिळ्यांकडे बघितलं.

“पाठ बरी आहे म्हणते तिची,” तो म्हणाला.