मंगलच्या काट्यावरची पहिली खेप

शिरूर कासारच्या ऊसतोड टोळीचा मुकादम गहिनीनाथ. त्याची लेक मंगल यंदा माजलगावाकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्याची मुख्य झाली, तेव्हा अख्ख्या टोळीनं पेढे हाणले. कोयता धरायच्या वयात पोरीनं आयटीआय धरलं, आणि बघा!

काटा म्हणजे तिचा जीव. कुणी विचारो न विचारो, ती सांगणारच. "लोखंडाचा ठोकळा बी वजनानं दबतो, केसाएवढा का हुईना. त्याला चिकटवलेली बारीक तार त्याच्यासंगं ताणती, तिच्यातली वीज बदलती, आन् त्याचाच पडद्यावर आकडा हुतो." असे जाडजूड सेन्सर ट्रॉली उभी राहते त्या काट्याच्या प्लेटखाली, चारी कोपऱ्यांत. साखरेची पोती भरतात तिथला सेन्सर इंग्रजी एससारखा वाकडा, पोतं त्याला लटकतं. काही ठिकाणी तेलाचेही असतात. वजन पडलं की आतलं तेल दाबलं जातं. ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा, हिचं संपायचं नाही.

हंगामाच्या सुरुवातीच्या काटापूजनाला तिनं आधीच तंबी दिली, "प्लेटवर नारळ फोडायचा न्हाई. पाणी वायरीत शिरतं." मानाचा नारळ मग गहिनीनाथनं बाजूला दगडावर फोडला. पहिली ट्रॉलीही त्याच्याच टोळीची. आकडा पडला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. उभी हयात उसात गेलेली. नुसती ट्रॉली बघून वजन सांगणारा गडी तो.

"मंगल, लई कमी भरलं. काटा मारतोय का गं तुजा?"

झालं! मंगलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. परका असता तर ती भांडली असती. हा तर बाप. आज काटा खोटा ठरला तर तिच्याच गावची माणसं तिला चोर म्हणणार होती.

"ट्रॉली खाली घ्या. आन् समदे प्लेटवर या," ती म्हणाली.

सगळी टोळी तिनं एका कोपऱ्यात दाटीवाटीनं उभी केली, मग दुसऱ्यात, असं करत चारही कोपऱ्यांत. टोळीतली धिप्पाड साखराबाई ओरडली, "माजं एकटीचं वजन सांगशील तर बघ गं!" हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. तीन कोपऱ्यांत आकडा सारखा. चौथ्यात मात्र तीच माणसं हलकी झाली!

मंगलनं तिथं पालथं पडून बॅटरी मारली. प्लेट आणि काट्याच्या खड्ड्याची भिंत यांच्यामधल्या फटीत एक दगड अडकलेला, कुंकवानं माखलेला. प्लेटवरचा भार तोच पेलत होता. सेन्सरच्या वाट्याला उरलंसुरलं.

"ह्यो हितं कावून?"

गहिनीनाथ चाचरला. "पूजेचा दगड... पायदळी येऊ नये म्हणून म्याच सारला फटीत."

साखराबाईनं कपाळावर हात मारला. "आन् बोंब पोरीच्या नावानं!"

पहारीनं दगड निघाला. ट्रॉली पुन्हा चढली. गहिनीनाथ मान खाली घालून उभा. "चुकलो, बाई. आता आकडा बघत न्हाई. तू म्हनशील ते वजन."

"आसं कसं, आबा?" मंगलनं दंडाला धरून त्याला पडद्यासमोर आणलं. "लेकीवरचा इस्वास घरी ठेवा. हितं आकडा बघायचाच, आन् मोठ्यानं वाचायचा."

गहिनीनाथनं डोळे पुसले. आकडा आता त्याच्या अंदाजाला जुळत होता. त्यानं घसा खाकरला आणि रांगेतल्या शेवटच्या ट्रॉलीला ऐकू जाईल असा आकडा वाचला.